चित्राखालची ओळ

खोटारडे आहात तुम्ही, बाई त्या कागदाला म्हणाल्या, आणि तेही मोठ्याने, सकाळी दहा वाजता, चष्मा कपाळावर चढवून. एखाद्याचं नाव घेऊन शिवी हासडावी तर पत्राखाली नाव नाही. नुसती एक वेटोळी सही आणि तिच्याखाली 'समितीकरिता'. म्हणजे सही करणारासुद्धा म्हणतोय की मी नाही हो, समिती. आणि ही समिती राहते कुठे, झोपते किती वाजता, तिला पोरंबाळं आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक नाही. 'सदर पुस्तकाच्या पृष्ठ क्रमांक ९ वरील प्रसंग बालकांच्या अनुभवविश्वाशी सुसंगत नाही.' बाईंनी हे वाक्य तीनदा वाचलं. अनुभवविश्व! ज्याने कुणी हा शब्द टाइप केला त्याला चार वर्षांचं मूल शेवटचं कधी भेटलं असेल? कुणाच्या तरी घरी, गाल ओढण्यापुरतं. पुढे लिहिलं होतं, 'चित्र आकर्षक असून ते कायम ठेवावे. मजकुराच्या जागी "मी लपलो आहे. मला शोधा!" असा बदल केल्यास पुस्तकाचा बालवाड्यांच्या पुस्तकयादीत समावेश करण्यास समितीची हरकत नाही.' सोबत संमतिपत्र, प्रकाशक आणि चित्रकार अशा दोघांच्या सह्यांसाठी दोन रेघा मारलेलं. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. पत्र चार दिवस कुठेतरी लोळून आज उगवलं होतं आणि मुदत मात्र आपली वक्तशीर.

पान नऊ बाईंना डोळे मिटून दिसत होतं. सगळं पान काळं. नुसतं शाई ओतलेलं काळं नव्हे, खडूने घासून घासून केलेलं, जवळ नेलं तर आत हिरवट-जांभळे ओरखडे दिसतील असं. तळाशी एक पिवळी रेघ, दाराखालच्या फटीतून येणाऱ्या उजेडाची. आणि तिच्याखाली दोन वाक्यं: 'दार बाहेरून बंद आहे. मी आत आहे.' बस. मुलाला कोणी कोंडलं, का कोंडलं, त्याने काय मस्ती केली होती, यातलं काही पुस्तकात नव्हतं, कारण आत बसलेल्या मुलाला त्यातलं काही दिसत नसतं. पान उलटलं की त्या पिवळ्या रेघेत चार बोटं. पलीकडून धाकट्या बहिणीने फटीखालून घातलेली. सोळा पानांचं पुस्तक, त्यात सगळे मिळून सत्तर-ऐंशी शब्द, आणि त्यासाठी बाईंचं आणि त्या चित्रकार मुलीचं एक अख्खं वर्ष गेलं होतं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाईंची धाकटी बहीण पार्सलांच्या थप्पीवर बसून पेपर वाचत होती. एके काळी त्या जागी सोफा होता. प्रकाशन सुरू झालं तसा आधी सोफा गेला, मग जेवायचं टेबल, आता दोघी बहिणी पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवायच्या आणि कोणी पाहुणा आला की धाकटी त्याला म्हणायची, "बसा, यातलं कुठलंही खपत नाही, आरामात बसा." तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेली बाई ती. तिला कशाचंच फारसं काही वाटत नसे, निदान वाटतं असं ती दाखवत नसे.

"कुणाशी भांडतेस?"

"समितीशी."

"मग जरा हळू. समितीचं हृदय नाजूक असतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तकाची कच्ची प्रत काढली, नववं पान उघडलं आणि समितीची ओळ त्यावर मनातल्या मनात लावून पाहिली. मी लपलो आहे. मला शोधा. पान उलटलं. चार बोटं. सापडला! बाईंनी पान पुन्हा मागे उलटलं. कारण ओळ बसत होती. अगदी चपखल बसत होती, जणू तिच्यासाठीच पान सोडलं होतं. मूर्ख ओळ असती तर सोपं होतं. फाडून टाकली असती. ही कुणातरी हुशार माणसाची ओळ होती. त्या माणसाने ते काळं पान नीट पाहिलं होतं, त्याला ते कळलं होतं, आणि कळल्यावर त्याने त्याच्यावर झाकण घातलं होतं.

आणि यादीत जाणं म्हणजे काय, हे बाईंइतकं कुणाला कळत नव्हतं. यादीतलं पुस्तक प्रत्येक बालवाडीत जातं. जिथे फळा आणि सतरंजी याशिवाय काही नाही अशा खोलीतसुद्धा. बाईंनी तेवीस वर्षं अशाच खोलीत काढली होती. तेवीस वर्षं त्यांची उंची तीन फुटांवर ठरलेली. सकाळी दारातून आत आलं की गुडघे टेकायचे आणि दुपारी उठायचं. त्या गुडघ्यांचं जे काय व्हायचं ते झालंच होतं. नाकं पुसली, चड्ड्या बदलल्या, तेलखडूंचे तुकडे नाकातून काढले. आणि जी काय पुस्तकं यायची ती वाचून दाखवली. सगळ्या पुस्तकांमध्ये एक मोठं माणूस दडून बसलेलं असायचं आणि शेवटच्या पानावर 'म्हणून मुलांनो' म्हणत उडी मारून बाहेर यायचं. मुलांना ते आधीच माहीत असे. शेवटचं पान आलं की निम्मा वर्ग उठून पाण्याच्या माठाकडे. बाईंना समीक्षा तिथेच कळली. मूल टीका करत नाही, उठून जातं. पुढे शेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून त्यांनी स्वतः पुस्तकं काढायला घेतली तेव्हा त्यांचा एकच नियम होता: कच्ची प्रत हाताने शिवायची, चार वर्गांत जाऊन जमिनीवर बसून वाचायची, आणि ज्या पानाला मुलं उठतील ते पान काढून टाकायचं. लेखक रडला तरी. छापखान्यातला मशीनवाला त्यांना अजून टोमणे मारायचा की बाई, तुमच्या पुस्तकाचे कोपरे गोल कापता कापता माझे हात गोल झाले. पण कोपरे गोलच हवेत. मुलं पुस्तक आधी तोंडात घालतात, मग डोळ्यांत.

नवव्या पानाला कुणी उठलं नव्हतं, एकाही वर्गात. बाईंकडे वही होती, त्यात मुलं बोलली ते सगळं लिहिलेलं. त्यांनी ती काढली. पहिल्या वर्गात ते पान उघडल्यावर अठरा मुलं गप्प. बालवाडीत अठरा मुलं एकदम गप्प होत नाहीत. झाली तर काहीतरी सांडलेलं असतं. मग एक मुलगा म्हणाला, "आत मुंग्या असतात." दुसरा म्हणाला, "आमच्याकडे बाल्कनी आहे." अगदी सरळ आवाजात, घरात दोन पंखे आहेत म्हणावं तसं. एक मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, "शू लागली तर सांगायचं नाही." तेव्हा वर्गाची तरुण शिक्षिका मागून बाईंच्या कानाशी वाकली होती आणि कुजबुजली होती, "बाई, हे पान जरा पटकन उलटाल का?" अनुभवविश्वाशी सुसंगत नाही म्हणे. मुलांच्या आहे सुसंगत, आणि तुमच्याही आहे, म्हणून तर टोचलं. बाईंना हे वाक्य आवडलं. हेच लिहावं समितीला. त्यांनी पेनसुद्धा उचललं. आणि मग हात तसाच थांबला, का ते त्यांना कळेना. रागात खोट नव्हती. राग छान तापला होता. पण त्याच्याखाली कुठेतरी, शिळ्या पाण्याच्या वासासारखं, काहीतरी वेगळं येत होतं.

बाराच्या सुमारास चित्रकार मुलगी जिने चढून धापा टाकत आली. तिशीची, केसांत कायम पेन्सिल खोचलेली, बोटांच्या नखांत काळं. वर्षभर तिने ते एकच काळं पान चौदा वेळा केलं होतं. पत्र तिलाही आलं होतं. तिने ते फोनवर वाचलं होतं आणि वाटेतच ठरवून आली होती, हे तिच्या चपला काढण्यावरूनच कळलं.

"बाई, करून टाकू या."

"काय करून टाकू या?"

"सही. चित्र तर तेच राहतंय ना. एक रेघसुद्धा बदलत नाहीत. उलट आकर्षक म्हणालेत."

"आकर्षक," बाई म्हणाल्या. "काय पण शब्द शोधून काढलाय."

"बाई, ऐका ना. ओळ वाचेल मोठं माणूस. मूल चित्र बघेल. मुलाला जे कळायचं ते कळेलच. तुम्हीच म्हणता ना, मुलं आधी चित्र वाचतात?"

"हो. आणि मग मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघतात."

हे बाईंच्या तोंडून निघून गेलं आणि त्या स्वतःच दचकल्या. म्हणजे असं की मुलाला काळोख दिसतो, ओळखीचा काळोख, आणि त्याच वेळी वरून गोड आवाज येतो की अरे, हा तर खेळ आहे. मुलाला काळोख नवा नसतो. नवा असतो तो आवाज. जे दिसतं त्याला दुसरंच नाव असतं आणि ते नाव मोठी माणसं ठरवतात, हे मूल त्या दिवशी शिकतं. एकदा शिकलं की मग आयुष्यभर विसरत नाही. हे बाईंना इतकं नेमकं कुठून माहीत होतं?

"हे काही तुमच्या त्या मोठ्या बाईंसारखं नाहीये," चित्रकार म्हणाली. ती समजूत काढत होती. "त्यांनी तुमच्याकडून त्या मुलीचं वाक्य बदलून घेतलं ते खऱ्या मुलीचं होतं. हे पुस्तक आहे. ही गोष्ट आहे."

ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बाई ती शिक्षिकांच्या शिबिरांत सांगायच्या, यादीपत्रकाच्या मागच्या पानावर ती चार ओळींत छापलेली होती: शाळेच्या मोठ्या बाईंनी एकदा एका मुलीच्या चित्राखालचं तिचं वाक्य बदलायला लावलं, आणि तेव्हाच ठरलं की मुलाचं वाक्य जसंच्या तसं छापणारं प्रकाशन काढायचं. चांगली गोष्ट होती. शिबिरात ती सांगितली की शिक्षिकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मोठ्या बाई या नावाने तिथल्या प्रत्येकीला आपापली मोठी बाई आठवायची.

"कुठल्या मोठ्या बाई?" धाकटीने पेपर खाली केला. "त्या चित्रांच्या प्रदर्शनाचं म्हणतेस? त्या कुठे होत्या तेव्हा? पाय मोडून घेऊन घरी पडल्या होत्या की दोन महिने. मीच प्लास्टर घातलेला पाय वर कसा बांधायचा ते दाखवून आले होते. तू बरोबर होतीस, ताई. त्यांनी तुला विचारलंसुद्धा, प्रदर्शन नीट पार पडलं का, आणि तू म्हणालीस, छान झालं."

आणि तिने पेपर पुन्हा वर केला. तिच्या दृष्टीने तिने फक्त एक तारीख दुरुस्त केली होती.

खिडकीतून खालच्या गॅरेजमधल्या हातोडीचा आवाज येत होता, ठण, ठण, मग थांबून पुन्हा ठण. त्यांना प्रथम खरोखर वाटलं की धाकटीचं काहीतरी चुकतंय. मोठ्या बाई त्यांना स्पष्ट दिसत होत्या: दारात उभ्या, चष्म्याची साखळी, हात मागे, म्हणताहेत, हे वाक्य असं कसं लावता भिंतीवर. साखळी दिसत होती, आवाज ऐकू येत होता. आणि मग बाईंच्या लक्षात आलं की त्या पाहत होत्या ते दार बालवाडीचं नव्हतंच. बालवाडीला दार नव्हतं, सरकता पत्रा होता. इतकी वर्षं ती बाई भलत्याच दारात उभी होती. सत्तावीस वर्षं बाईंनी एका निरपराध म्हातारीला त्या दारात उभं करून ठेवलं होतं, शिबिरामागून शिबिरात, आणि ती म्हातारी मरून दहा वर्षं झाली होती.

मग दुसरं सगळं आलं, एकदम, जसं नळाला आधी हवा आणि मग पाणी येतं तसं थुंकत थुंकत. तेलखडूंचा वास. बालवाडीतल्या मुलांना नाव वाचता येत नाही, म्हणून दप्तराच्या प्रत्येक खुंटीवर एक चित्र असायचं, छत्री, बादली, गोगलगाय, आणि वर्षभर मुलं एकमेकांना त्याच नावाने हाका मारायची. गोगलगाय. खांद्यात मान घालून बसणारी, सव्वाचार वर्षांची, डाव्या हाताने चित्र काढणारी. तिने एक अख्खा कागद काळा केला होता. दाबून दाबून, कागद दोन ठिकाणी फाटेपर्यंत, आणि कोपऱ्यात एक पिवळा ठिपका. चित्र झालं की बाई गुडघ्यांवर बसून विचारायच्या, सांग, काय लिहू? आणि मूल म्हणेल ते खाली लिहायच्या, तस्संच, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. असं करणारी त्या भागातली त्यांची एकच बालवाडी होती आणि बाईंना त्याचा तोरा होता. गोगलगाय म्हणाली, "बाबा कपाटात ठेवतात. मी दहापर्यंत मोजते. मग परत एकपासून."

दहापर्यंतच, कारण त्या सत्रात बाईंनी वर्गाला दहापर्यंतच शिकवलं होतं. मणी लावून, टाळ्या वाजवून, एक, दोन, तीन. गोगलगाय कधी टाळ्या वाजवत नसे पण तिचे ओठ हलायचे आणि बाई खूश व्हायच्या की पोरगी शिकतेय. ती शिकतच होती. घरी जाऊन वापरतही होती. पुढच्या सत्रात वीसपर्यंत होतं.

बाईंनी ते वाक्य पेन्सिलने लिहिलं. संध्याकाळी, मुलं गेल्यावर, मार्करने गिरवायला बसल्या. दुसऱ्या दिवशी पालकांसाठी प्रदर्शन. सत्तावीस चित्रं दोरीला चिमट्यांनी लावलेली: हा आमचा ट्रक, ही माझी आजी आणि तिचे पाय, हा पाऊस आहे पण तो झोपलाय. आणि मधोमध ते. खोलीत बाईंशिवाय कुणीही नव्हतं. कुणीही म्हटलं नाही की बदल. बाईंना दिसलं, उद्या इथे आई-बाप उभे राहतील, चहाचे कप हातात, हसत हसत एकेक ओळ वाचत येतील, आणि इथे येऊन थांबतील. त्या बापाचा चेहरा दिसला. आणि वाटलं, बरं नाही दिसणार. बस, एवढंच. भीतीसुद्धा नव्हती, भीती असती तर तिला काही मान तरी असता. बरं नाही दिसणार. त्यांनी खोडरबराने ते वाक्य पुसलं, रबराचे काळे तुकडे फुंकून टाकले आणि मार्करने, आपल्या सुंदर वळणदार अक्षरात, लिहिलं: 'ही रात्र आहे. हा चांदोबा.' ओळ छान बसली. अगदी चपखल बसली.

सकाळी गोगलगाय दोरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझं वाचा." बाईंनी वाचलं. त्यांनी वाचलं! गप्प बसता आलं असतं, दुसऱ्या मुलाकडे वळता आलं असतं. त्यांनी त्या चार वर्षांच्या मुलीच्या तोंडावर गोड आवाजात वाचलं, ही रात्र आहे, हा चांदोबा. मुलीने चित्राकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. बाप आला तेव्हा हसून म्हणाला, वा वा, चांदोबा का, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाईंनी पाहिलं की मुलीची मान आणखी आत गेली. आई मागे रेंगाळली. बाप पुढच्या चित्रांकडे गेल्यावर ती बाईंच्या जवळ आली, इतकी जवळ की तिच्या तोंडाला रिकाम्या पोटाचा वास येत होता, आणि हळूच म्हणाली, "बाई, ती असंच म्हणाली का हो?"

ती आई पुरावा मागत होती. हे आज नव्हे, तेव्हाच, त्या क्षणीच बाईंना कळलं होतं. तिला काहीतरी माहीत होतं आणि ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं, लिहून, भिंतीवर, म्हणजे तिला पायाखाली काहीतरी मिळालं असतं. बाई म्हणाल्या, "अगदी असंच. आम्ही मुलांचा एक शब्दही बदलत नाही."

त्यानंतर त्या सत्रात बाई कागदाशेजारी गुडघे टेकून विचारायच्या, सांग, काय लिहू, तेव्हा गोगलगाय म्हणायची, "तुम्हीच लिहा." चिडून नाही. रुसूनही नाही. ज्याचं काम त्याने करावं अशा आवाजात. सत्र संपल्यावर ते कुटुंब गाव सोडून गेलं. खुंटीवर पुढच्या वर्षी दुसरी गोगलगाय आली.

हे सगळं बाईंनी चित्रकार मुलीला सांगितलं. क्रमाने नाही, तुकड्या-तुकड्यांत, गुडघे चोळत, अधूनमधून खालच्या हातोडीसाठी थांबत. धाकटीने पेपरची घडी करून बाजूला ठेवली होती.

मुलगी ऐकत राहिली. मग तिने केसांतली पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली.

"मग मला एक वर्ष काळं पान करायला लावलंत ते कुणासाठी?"

"म्हणजे?"

"चौदा वेळा केलं मी ते. तुम्ही म्हणायचात, अजून काळं, अजून दाबून, कागद फाटला तरी चालेल. मला वाटायचं पुस्तकासाठी. तुम्ही माझ्याकडून तिचं चित्र काढून घेत होतात."

बाईंना हे माहीत नव्हतं. म्हणजे हात वर करून शपथेवर सांगायचं तर त्यांना माहीत नव्हतं. पण मुलगी बोलली आणि ते खरं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच दिसतंय."

"आणि आता तुम्ही सही करणार नाही. म्हणजे तुमचं पाप फेडायला माझं पुस्तक?" तिचा आवाज चिरकला. "बाई, मी काही तुमच्या वर्गात नव्हते हो. माझं पहिलं पुस्तक आहे हे. प्रत्येक बालवाडीत जाणार होतं. कुठल्यातरी एका पोराने ते पान बघितलं असतं ना, ओळ काहीही असू दे, त्याला कळलं असतं की हा काळोख दुसऱ्या कुणीतरीही बघितलाय. तुमच्या दोन ओळींपेक्षा ते कमी आहे का?"

बाईंनी याला उत्तर शोधलं, खरंच शोधलं. मुलगी म्हणत होती त्यात तथ्य होतं, आणि समितीच्या ओळीतही एक प्रकारचं तथ्य होतं, आणि सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी मार्करच्या टोकालाही होतं, म्हणून तर तो इतका सहज चालला. मुलीने संमतिपत्र ओढलं, चित्रकार म्हणून असलेल्या रेघेवर सही केली, ठसठशीत, आडनावासकट, आणि कागद बाईंच्या समोर सरकवला.

"माझी झाली. तुमचं काय ते तुम्ही आणि तुमची गोगलगाय बघा."

ती जिना उतरून गेली. पायऱ्यांवरचा आवाज बराच वेळ येत होता. मधल्या मजल्यावर ती थांबलीही होती. मग पुन्हा आवाज.

"गेली," धाकटी म्हणाली. मग पेपरची घडी पुन्हा मोडत म्हणाली, "त्या प्रदर्शनाच्या दिवशी घरी येऊन तू दोनदा जेवलीस. मला आठवतंय. मला वाटलं दमलीयस."

साडेतीनला फोन वाजला. समितीच्या सचिव. आवाज इतका मऊ की त्यावर पाय ठेवला तर घोट्यापर्यंत रुतावा. त्याही एके काळी शिक्षिका होत्या हे त्यांनी पहिल्याच मिनिटात सांगितलं.

"अहो बाई, तुमच्या संमतीचीच वाट बघतोय. तुमची पुस्तकं माझी नातवंडं डोक्याशी घेऊन झोपतात. एका ओळीचा तर प्रश्न आहे."

"ओळ कुणी सुचवली?"

"समितीने."

"समितीत कुणी?"

"असं एकाचं नाव नसतं हो त्यात. एकमताने झालं."

"एकमत झालं ते नंतर. आधी कुणाच्यातरी तोंडून निघाली असेल ना? सगळे एकदम तर म्हणाले नसतील, मी लपलो आहे. कवायत आहे का?"

मग तोच मऊ आवाज, पण आता त्यात एक खडा आलेला. "बाई, मुलांना घाबरवून काय मिळतं आपल्याला? ते पान बघून आमच्यातल्या एकांना तर त्या दिवशी पाणी आणून द्यावं लागलं. मोठ्या माणसांचं असं होतं, तर मुलांचं काय?"

"कुणाला?"

"ते महत्त्वाचं नाही."

"पाणी प्यायल्यावर ओळ त्यांनीच सुचवली का?"

"पाचपर्यंत कागद येऊ द्या," सचिव म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाई फोन हातात धरून बसून राहिल्या. म्हणजे तिथे, त्या लांबलचक टेबलापाशी, पाण्याच्या बाटल्या आणि फायलींच्या मध्ये, कुणीतरी एक जण होता. किंवा होती. वेटोळ्या सहीच्या आत, समितीच्या आत, सदर आणि सुसंगतच्या आत कुणीतरी बसलेलं होतं, आणि ते पान उघडल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाईंचा सकाळचा राग आता नव्हता. दुसरा आला होता, कमी आवाजाचा, आणि तो स्वतःवरून सुरू होत असल्यामुळे त्याला कुठे अडायला जागा नव्हती. त्यांनी संमतिपत्र पालथं केलं आणि त्याच्या पाठीवर, आपल्या त्याच सुंदर वळणदार अक्षरात, न थांबता लिहिलं.

'समितीस. या कागदावर चित्रकाराची सही आहे, ती तिने स्वखुशीने केली आहे, तिला दोष देऊ नये. माझी सही नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी मी शिक्षिका असताना एका चार वर्षांच्या मुलीच्या चित्राखालचं तिचं वाक्य पुसून मी दुसरं लिहिलं. तुमच्यासारखंच गोड लिहिलं. तिच्या आईने विचारलं, तेव्हा खोटं सांगितलं. पुढे मी सगळीकडे सांगत आले की मला मोठ्या बाईंनी तसं करायला लावलं. मला कुणीही लावलं नव्हतं. खोलीत मी एकटीच होते. म्हणून मला माहीत आहे की अशी ओळ समिती लिहीत नाही, एक माणूस लिहितो. ज्याला त्या दिवशी पाणी द्यावं लागलं त्या माणसाला हा कागद द्यावा. त्याला मी विचारते आहे, तुम्हाला नाही: पान नऊ पाहून तुम्हाला कुठलं दार आठवलं, आणि तुम्ही त्या दाराच्या आत होता की बाहेर? आत असाल, तर तुमच्या वाक्यासाठी ते पान मी पुन्हा करून घेईन, तुम्ही सांगाल तस्सं, एक अक्षर न बदलता. बाहेर असाल, तर तसं लिहा. पण लपलो आहे असं लिहू नका. पाच वाजून गेले तरी चालेल, वर्ष गेलं तरी चालेल. समितीकरिता नको. स्वतःच्या नावाने उत्तर द्या.'